दहा-तेरा हजारांतली शांतता : दोन हेडफोन समोरासमोर

लेखमाला : ऐकण्याची साधनं – लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण ड्रायव्हरची ओळख करून घेतली. हेडफोनमधला हा पातळ पडदा हवा हलवतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनमध्ये त्याच पडद्याला आणखी एक काम असतं. गाणं वाजवता वाजवता बाहेरचा गोंगाट खोडून काढणारा आवाजही त्यालाच वाजवावा लागतो. काही वर्षांपूर्वी हे काम नीट करणारा हेडफोन हवा तर पंचवीस-तीस हजार मोजावे लागत. आता दहा-तेरा हजारांत ते बरंच चांगलं होतं, आणि घेणाऱ्याची खरी पंचाईत याच टप्प्यात होते, कारण इथे सगळी खोकी सारखीच वचनं देतात.

म्हणून आज या टप्प्यातले, कान पूर्ण झाकणारे दोन वायरलेस हेडफोन घेऊ : सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन आणि सेनहायझर अ‍ॅक्सेंटम वायरलेस. दोन्ही २०२३ साली बाजारात आले. भारतात आले तेव्हा सोनीची किंमत ९,९९० रुपये होती आणि सेनहायझरची १२,९९०. सणासुदीच्या सवलतींत हे आकडे खाली येतात आणि दोघांमधलं अंतरही कमी-जास्त होतं. पण कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी गोंगाट खोडला जातो म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं. ते कळलं की निम्मी निवड आपोआप होते.

आवाजावर आवाजाचा उतारा

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली चढ-उतार. बाहेरून आलेल्या आवाजात ज्या क्षणी दाब वाढतो, नेमक्या त्याच क्षणी हेडफोनने तेवढाच दाब कमी केला, तर कानापाशी दोन्ही मिळून जवळजवळ काहीच उरत नाही. झोपाळा आपल्याकडे येत असताना योग्य क्षणी उलट रेटा दिला तर तो थांबतो. तोच रेटा चुकीच्या क्षणी दिला तर झोका आणखी उंच जातो. इथेही सगळी मदार वेळ साधण्यावर आहे.

ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. विचार बरोबर होता, पण तो रोजच्या वापरात आणण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. पुढे १९७८मध्ये ‘बोस’ या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून अमेरिकेला विमानाने परतत होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या आवाजात बुडून गेलं, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात या प्रश्नाचं गणित मांडायला घेतलं. अमर बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९मध्ये विक्रीला आला आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्वाएटकम्फर्ट’ २००० साली.

आपल्या दोन्ही हेडफोनमध्ये याच तत्त्वाची सुधारलेली रचना आहे. प्रत्येक कपावर बाहेरच्या बाजूचा माइक येणारा गोंगाट टिपतो, तर आतला माइक कानापाशी काय उरलं ते तपासतो. मधली चिप दोन्हींवरून उलटा आवाज तयार करते. सोनीने यासाठी व्ही१ ही चिप वापरली आहे, जी त्यांच्या महागड्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५मध्येही आहे.

या रचनेची मर्यादा तिच्या तत्त्वातच आहे. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक चढ-उतार पुरी व्हायला १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात चिपचं काम आरामात उरकतं. ४,००० हर्ट्झच्या आवाजात तीच चढ-उतार पाव मिलिसेकंदात संपते. तिथे किंचित उशीर झाला तरी उलटा आवाज चुकीच्या क्षणी पोचतो. म्हणून चिप साधारण १,००० हर्ट्झच्या खालचा गोंगाट खोडते. त्यावरचा आवाज अडवण्याचं काम कानाभोवतीच्या गादीचं. विमानाचं इंजिन, एसटीची घरघर, एसी, पंखा, मेट्रोचा सततचा गडगडाट हे सगळं मागे हटतं. कुकरची शिट्टी, हॉर्न, भांड्यांचा खणखणाट आणि शेजारच्या टेबलावरच्या गप्पा कमी होतात, पण जात नाहीत. हेडफोन कितीही महाग घ्या, हा नियम बदलत नाही.

गोंगाट कोण जास्त खोडतो?

या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक नाही. सततची घरघर दोघंही चांगली दाबतात. मोठ्या किमतीचे हेडफोन याहून पुढे जातात, विशेषतः माणसांच्या बोलण्याच्या पट्ट्यात. पण प्रवासातला मुख्य त्रास जो खालच्या आवाजांचा, त्यावर हे दोन्ही पुरे पडतात.

मोठा फरक पडतो तो हेडफोन डोक्यावर कसा बसतो यामुळे. गादी आणि कातडी यांच्यात चष्म्याच्या काडीएवढी फट राहिली तरी तिथून नेमका खालचाच आवाज आत शिरतो आणि चिपची मेहनत वाया जाते. जाड काडीचा चष्मा, कानावरून घेतलेली ओढणी, अंबाड्यामुळे वर सरकलेली पट्टी यांनी एकाच हेडफोनचा अनुभव दोन माणसांना वेगवेगळा येतो. म्हणून दुकानात हेडफोन आपल्या चष्म्यासकट घालून बघा. गाणं न लावता, चालू एसीखाली उभं राहून नॉइज कॅन्सलिंग बंद-चालू करा. तिथे फरक लगेच कळेल. विक्रेत्याला समोर बोलायला लावून घेतलेली परीक्षा दिशाभूल करते, कारण बोलणं हे या यंत्राच्या बळाचं क्षेत्रच नाही. चालू केल्यावर काहींना कानात दडा बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो. पण तसं वाटत असेल तर घाई करू नका, थोडा जास्त वेळ घालून पाहा.

डोक्यावरचं वजन

सोनीचं वजन १९२ ग्रॅम, सेनहायझरचं २२२ ग्रॅम. कागदावर तीस ग्रॅम किरकोळ वाटतात, पण दिवसभराच्या मीटिंगांत किंवा अभ्यासाच्या लांब बैठकीत मानेला आणि टाळूला ते जाणवतात. सेनहायझरची पकड अधिक घट्ट आहे. चालताना ती बरी वाटते, मात्र चष्मा असणाऱ्याला कानामागे टोचू शकते. सोनी हलका आहे खरा, पण त्याचं प्लॅस्टिक हाताला साधं लागतं. सेनहायझर जास्त भरीव वाटतो. दोन्हींचे कप आडवे वळतात, पण घडी होत नाही. दोन्हींसोबत कडक पेटीही मिळत नाही. बॅगेत कोंबून नेणाऱ्याने पेटीचा खर्च धरून हिशेब करावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने लवकर खराब होतात, तेव्हा वापरून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावा.

गाणं

सेनहायझरमध्ये ३७ मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे, सोनीत ३० मिलिमीटरचा. मोठा म्हणजे चांगला, असं सरळ समीकरण नसतं हे आपण मागे पाहिलंच. तरी माझ्या कानांना गाण्याच्या बाबतीत सेनहायझर उजवा वाटतो. त्यात डग्ग्याचा घुमारा भरदार येतो आणि तानपुऱ्याच्या तारांची झणकार वेगळी ओळखू येते. सोनीचा कल मऊपणाकडे आहे. माणसाचा आवाज स्वच्छ, ऐकणं थकवत नाही, पण बारकावे थोडे मागे राहतात. दोन्हींच्या ॲपमध्ये इक्वलायझर आहे. सेनहायझरचा खर्ज कुणाला जास्त वाटला तर तो थोडा उतरवता येतो.

कोडेकचा, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी गाणं आकुंचित करण्याच्या पद्धतीचा, प्रश्न इथेच निकालात काढू. सोनीवर एसबीसी आणि एएसी हे दोनच आहेत. सेनहायझरवर त्यांच्याशिवाय एपीटीएक्स आणि एपीटीएक्स एचडी आहेत. आयफोन एपीटीएक्स वापरत नाही, त्यामुळे आयफोनवाल्यांनी यासाठी जादा पैसे मोजू नयेत. अँड्रॉइडवाल्यांनी आधी आपला फोन एपीटीएक्स एचडी देतो का ते पाहावं.

कामाचे फोन, वायर आणि बॅटरी

फोनवरच्या बोलण्यात मी सोनीला वरचा नंबर देईन. त्याचे माइक तोंडाच्या दिशेचा आवाज निवडून घेतात आणि वाऱ्याची फडफड कमी करण्याची रचना त्यात आहे. एका वेळी फोन आणि लॅपटॉप अशी दोन उपकरणं दोघंही सांभाळतात. दोघांवरही बटणं आहेत, आणि घाईत न बघता दाबायला ती सोयीची पडतात.

वायरच्या बाबतीत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. सोनीला ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे. विमानातला पडदा, जुना टीव्ही, मुलांचा कीबोर्ड यांना तो थेट जोडता येतो. सेनहायझरला हा जॅकच नाही; त्याऐवजी यूएसबी-सीच्या केबलने तो फोनला किंवा लॅपटॉपला जोडता येतो आणि ब्लूटूथसाठी गाणं आकुंचित करावं लागतं ते टळतं. विमानातल्या पडद्यावर सिनेमा बघणाऱ्याला सेनहायझर घेतला तर वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर बाळगावा लागेल.

नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून सोनी ३५ तास आणि सेनहायझर ५० तास चालतो, असं कंपन्या सांगतात. सोनी तीन मिनिटांच्या चार्जिंगवर तासभर चालतो, सेनहायझर दहा मिनिटांवर पाच तास. रोज दोन तास वापरणाऱ्याला दोन्ही आठवडाभर सहज पुरतात, म्हणून बॅटरी हे निवडीचं मुख्य कारण होऊ नये.

खरा फायदा कुठे आहे?

कंपन्या शांतता विकतात. मला मात्र या यंत्राचा सर्वात मोठा गुण वाटतो तो आवाजाची पातळी कमी ठेवता येण्याचा. खालच्या पट्टीतला गोंगाट आपल्याच पट्टीतले सूर झाकतो आणि वरच्या सुरांवरही पसरतो. बसमध्ये बसल्यावर गायकाचे शब्द ऐकू येईनासे होतात आणि बोट आपोआप आवाज वाढवतं, ते यामुळेच. घरघर मागे हटली की तेच गाणं कितीतरी कमी आवाजात पूर्ण ऐकू येतं.

हे महत्त्वाचं का, ते आकड्यांनी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित मानलं जातं. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबल वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते : ८३ला २० तास, ८६ला १० तास, ८९ला जेमतेम ५ तास. रोज तासभर बसने जाऊन तेवढाच वेळ परत येणारी कॉलेजची मुलगी साध्या इअरफोनवर ही मर्यादा आठवडा संपण्याआधीच ओलांडू शकते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आपल्या मुलांसाठी हेडफोन घेणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मी कळकळीने सांगेन : आवाज कमी ठेवायची सवय हेडफोनसोबतच लावा, नाहीतर शांत झालेल्या कानांतही ती मुलं तेवढ्याच जोरात गाणी लावतील.

निवाडा

बहुतेक घरांसाठी माझं मत सोनीला आहे. अभ्यास, ऑफिसचे फोन, चष्मा, लांब बैठक, विमानप्रवास या सगळ्यांत तो सोयीचा पडतो आणि कमी पैशांत काम करतो. सेनहायझर घ्यावा तो मन लावून संगीत ऐकणाऱ्याने, ज्याचा अँड्रॉइड फोन एपीटीएक्स एचडी देतो किंवा जो लॅपटॉपला केबल लावून ऐकतो. सवलतीत दोघांची किंमत हजारभराच्या अंतरात आली तर अशा श्रोत्याने मागेपुढे पाहू नये. दोन्ही शक्य तर आधी डोक्यावर घालून पाहा. तुमच्या कानावर नीट न बसणारा हेडफोन कुणाच्याही शिफारशीवरून घेऊ नका.

आणि कोणताही घेतलात तरी एक गोष्ट पाळा. रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना, रेल्वे फलाटाच्या कडेला तो कानावरून काढा. बाहेरचं ऐकू येण्याची सोय दोघांतही आहे, पण येणाऱ्या गाडीचा अंदाज घ्यायला मोकळा कानच हवा.