तारा सुटल्या, की बाळ कुशीत येतं

‘बाळाला काचेत ठेवलंय,’ एवढं एक वाक्य ऐकलं, की घरातल्या जाणत्या माणसांचे चेहरे उतरतात. दिवस भरण्याआधीच आलेलं किलो-सव्वा किलोचं बाळ. आईला पहिल्यांदा ते दिसतं, तेव्हा बाळाच्या आधी तारा दिसतात. छातीवर हृदयाच्या ठोक्यांसाठी चिकटवलेल्या पट्ट्या, पोटावर तापमान मोजणारी वायर आणि पावलाला गुंडाळलेला लाल दिवा. हात लावू का, असं ती नर्सला घाबरतच विचारते.

या तारा उगाच नसतात. कमी दिवसांचं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं, ठोके मंदावतात. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. त्यामुळे क्षणाक्षणाची नोंद हवीच. पण या बाळांची त्वचा ओल्या कागदासारखी नाजूक असते. चिकटपट्टी काढताना तिचा थर सोलून निघू शकतो.

पायावरच्या त्या लाल दिव्याला, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरला, करोनाच्या काळात आपण घरोघरी ओळखू लागलो. त्याचं तत्त्व १९७४ साली जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडलं. खरं तर ते वेगळंच काहीतरी मोजत होते आणि नाडीच्या लहरी त्यांच्या आलेखात लुडबुड करत होत्या. ही लुडबुड घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं, की रक्तातला ऑक्सिजन मोजायला तीच उपयोगी आहे. सुई न टोचता ऑक्सिजन कळू लागला, ही नवजात बाळांसाठी फार मोठी गोष्ट होती.

पुढचा प्रश्न तारांचा. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं एक उत्तर मांडलं. सिलिकॉनच्या दोन मऊ, पातळ पट्ट्या, एक छातीवर आणि एक पावलावर. त्यांना बॅटरी नाही. गादीखालच्या अँटेनातून त्यांना वीज मिळते आणि नोंदीही हवेतूनच जातात. मला यातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते ती दोन पट्ट्यांची जोडी. हृदयाचा ठोका पडल्यापासून रक्ताची लाट पावलापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, हे त्या मिळून मोजतात आणि त्यावरून रक्तदाबातल्या चढउताराचा अंदाज बांधतात. एरवी बाळाचा रक्तदाब सतत मोजायचा तर धमनीत नळी घालावी लागते. पुढच्या वर्षी या गटाने बॅटरीवर चालणारी आवृत्तीही आणली. म्हणजे बाळ गादीवरून उचललं तरी मोजणी थांबत नाही.

बाळ उचलता येणं इतकं महत्त्वाचं का? आईच्या उघड्या छातीवर बाळाला ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. अनेक वर्षं ती गरिबांची पर्यायी सोय मानली गेली. आधी बाळ स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ, असा शिरस्ता होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत अभ्यास झाला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर कुशीत दिलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आले. नेहमीच्या उपचारांत २८ दिवसांच्या आत १५.७ टक्के बाळं दगावली होती, तर लगेच कुशीत गेलेल्यांत १२ टक्के. म्हणजे अस्थिर बाळही आईकडेच हवं आणि त्याच्यावर नजरही हवी. तारा इथेच आड येतात.

आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयात महागडी यंत्रणा कधी पोहोचेल, हा प्रश्न आहेच. पण सगळ्याच उपायांना एवढा पसारा लागत नाही. बेंगळुरूच्या ‘बेम्पू’ने बाळाच्या मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवला. अंग पुरेसं गरम असेल तर निळा दिवा लुकलुकतो. गार पडू लागलं की नारिंगी दिवा लागतो आणि पट्टा वाजू लागतो. आईला वाचता येत असो वा नसो, बाळाला छातीशी घ्यायचं, एवढं तिला कळतं.

उणिवाही आहेत. प्रकाशावर चालणारी उपकरणं गडद त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांच्या नोंदींवरून हे ठळकपणे पुढे आलं. आपल्यासारख्या देशात नवं उपकरण घेताना ते कोणत्या रंगाच्या बाळांवर तपासलं आहे, हे विचारायलाच हवं.

आता हल्ली वरचेवर येणारा एक प्रश्न. ऑनलाइन मिळणारा ‘स्मार्ट मोजा’ आमच्या बाळासाठी घेऊ का? बाळ पूर्ण दिवसांचं, धडधाकट असेल, तर गरज नाही. झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा उपकरणांवर विसंबू नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. खोटा अलार्म वाजला की अख्खं घर रात्रभर जागं, हा वेगळाच ताप! त्यापेक्षा बाळ दूध ओढत नसेल, हाक-स्पर्शाला नेहमीसारखा प्रतिसाद देत नसेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, हातपाय आणि पोटही गार लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोबाइल बाजूला ठेवा आणि बाळाला छातीशी धरून थेट दवाखाना गाठा.