मेमरी कार्डवर ॲप टाकायचंय? आधी पाकिटावरचं ‘ए१’ शोधा

‘स्टोरेज फुल्ल’ हा मेसेज ३२ जीबीचा फोन वापरणाऱ्यांना काही नवा नाही. बोरिवलीहून अंधेरीला रोज कॉलेजला जाणाऱ्या कुणाचाही फोन उघडा. एम-इंडिकेटर, दोन यूपीआय ॲप्स, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि एखादा भलामोठा गेम. त्यात अँड्रॉइडने स्वतःसाठी धरून ठेवलेली जागा वेगळीच. मग ग्रुपमधला कुणीतरी सांगतो, “अरे, १२८ जीबीचं कार्ड टाक आणि सगळी ॲप्स त्याच्यावर घे.” सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

ही सोय आली कुठून?

कार्डवर ॲप टाकायची सोय २०१० मध्ये अँड्रॉइड २.२, म्हणजे फ्रोयोमध्ये आली. तेव्हा ॲपची मुख्य फाइल कार्डवर जायची, पण त्याचा डेटा फोनमध्येच राहायचा. त्यामुळे जागा सुटायची ती थोडीच. आपल्याकडे ही अडचण केवढी मोठी होती ते आठवायचं तर अँड्रॉइड वन बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे हे फोन भारतात आले. किंमत ६,३९९ रुपयांपासून आणि इंटर्नल स्टोरेज फक्त ४ जीबी!

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६, म्हणजे मार्शमेलोमध्ये ‘अडॉप्टेबल स्टोरेज’ आलं. यात फोन कार्डला अक्षरशः दत्तक घेतो. कार्ड पूर्ण फॉरमॅट होतं, एन्क्रिप्ट होतं आणि इंटर्नल स्टोरेजचाच भाग बनतं. ॲप आणि त्याचा डेटा, दोन्ही तिकडे जाऊ शकतं. मात्र ॲप बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. म्हणून काही ॲप्सना ‘मूव्ह’चं बटण दिसतं आणि काहींना दिसतच नाही. तुमचा फोन बिघडलेला नाही.

सगळ्या फोनमध्ये ही सोय मिळेलच असंही नाही. २०१६ च्या गॅलेक्सी एस७ मध्ये सॅमसंगने ती बंद ठेवली होती. आयफोन आणि पिक्सेलमध्ये तर कार्डाची खाचच नाही. काही फोनमध्ये हायब्रिड स्लॉट असतो, तिथे दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं.

१०० एमबीचा स्पीड जातो कुठे?

कार्डाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘१०० एमबी/सेकंद’ लिहिलेलं असतं. तरीही ॲप कार्डवर टाकलं की ते रखडतं. असं का?

तो आकडा एकच मोठी फाइल सलग वाचण्याचा आहे, उदाहरणार्थ सिनेमा. ॲपचं काम तसं चालत नाही. ते सतत बारीकसारीक तुकडे वाचतं आणि लिहितं: एक मेसेज, एक सेटिंग, एक थंबनेल. सिनेमा म्हणजे बोरिवलीहून सुटलेली फास्ट लोकल, आणि ॲप म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी स्लो. गाडीचा टॉप स्पीड कितीही असो, वेळ खातात ते थांबे.

यासाठी एसडी असोसिएशनने २०१६ मध्ये ए१ आणि २०१७ मध्ये ए२ असे दर्जे ठरवले. ए१ कार्डाने सेकंदाला किमान १,५०० वेळा वाचायला आणि ५०० वेळा लिहायला हवं. एकेक तुकडा ४ केबीचा धरा. ५०० गुणिले ४, म्हणजे जेमतेम २ एमबी प्रति सेकंद! पाकिटावर १०० आणि ॲपच्या कामात हमी फक्त २ ची. ए२ साठी हेच आकडे ४,००० आणि २,००० आहेत, पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला फोनचाही सपोर्ट लागतो. आणि ‘क्लास १०’ असं लिहिलं असेल तर ते व्हिडिओसारख्या सलग लिखाणाचं माप आहे, ॲपचं नाही. दुकानात नेमका इथेच गोंधळ होतो.

ए१ किंवा ए२ ही खूण नसलेलं कार्ड ॲपसाठी घेऊच नका, मग ते कितीही स्वस्त मिळो. स्टेशनबाहेरच्या पथारीवर ‘५१२ जीबी’ अगदी किरकोळ किमतीत दिसलं तर आणखी सावध राहा. नकली कार्ड फोनला खोटी साइज सांगतं आणि खरी जागा संपली की फाइल्स खराब व्हायला लागतात. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे फुकट टूल चालवलं की खरी साइज कळते. ही टेस्ट कार्ड रिकामं असताना, घेतल्या दिवशीच करा.

फोन गेला तर कार्डही गेलं

स्पीडपेक्षा मोठा धोका हा आहे, आणि तो फारसं कुणी सांगत नाही. दत्तक घेतलेल्या कार्डाचं कुलूप कार्डवर असतं, पण किल्ली फोनच्या आत.

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन पावसात भिजून मेला. कार्ड मात्र ठणठणीत होतं. “फोटो तर कार्डवर आहेत ना,” म्हणून तो निवांत होता. लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणतो, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ कॉलेजच्या तीन वर्षांचे फोटो त्याच कार्डवर होते आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. दुकानदाराने हात वर केले, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. किल्ली मेलेल्या फोनमध्येच राहिली होती. फॅक्टरी रीसेट केलात तरी हेच होतं, कारण रीसेटमध्ये ती किल्ली पुसली जाते.

म्हणून मी उलटं करतो: ॲप्स फोनमध्ये, सामान कार्डवर. कार्ड ‘पोर्टेबल’ ठेवायचं आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो एसडी कार्डवर वळवायचे. नेटफ्लिक्स, स्पॉटिफायचे डाउनलोडही तिकडेच. व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ फाइल मॅनेजरने हलवा, बहुतेकांची खरी अडगळ तीच असते. असं कार्ड कुठल्याही लॅपटॉपवर उघडतं. (अर्थात ते ज्याच्या हाती लागेल त्यालाही उघडता येतं, तेव्हा आधार-पॅनचे फोटो त्यावर नकोत.)

तरीही ॲप हलवायचंच असेल तर कधीतरी उघडायचा गेम हलवा. कीबोर्ड, अलार्म, विजेट असलेली आणि पैशांची ॲप्स फोनमध्येच राहू द्या. फोन चालू होताना कार्ड जरा उशिरा जागं होतं, आणि सकाळचा अलार्म तेवढ्यासाठी चुकायला नको. फॉरमॅट करताना फोनने ‘हे कार्ड स्लो आहे’ असं सांगितलं तर तिथेच थांबा.

आणि कार्ड आधीच इंटर्नल केलेलं असेल तर? फोन रिपेअरला देण्याआधी किंवा रीसेट करण्याआधी फोटो लॅपटॉपवर किंवा क्लाउडवर कॉपी करा. मग सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून डेटा परत फोनमध्ये घ्या, ॲप्सही एकेक करून परत आणा. कार्ड पोर्टेबल म्हणून फॉरमॅट करायचं ते त्यानंतरच, कारण त्या बटणानंतर कार्डवरचं काहीच उरत नाही.