लोह्याच्या रस्त्यावर सेकंदाचा दहावा भाग

लोह्यातून नागपूर-रत्नागिरी महामार्ग जातो. पहाटे त्यावर सायकल दामटणाऱ्याच्या हँडलवर छोटा सायकल कॉम्प्युटर असेल, तर तो आपली जागा २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांना विचारतो. तिथली अणुघड्याळं जमिनीवरच्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या गणितानं ही तफावत आधीच वळती केली नसती, तर दिवसाला दहा-अकरा किलोमीटरचा घोळ झाला असता. लोह्याचा स्वार उद्या भलत्याच गावच्या शिवारात दिसला असता!

एवढं सगळं असूनही फेरीची, म्हणजे लॅपची, वेळ चुकते. घड्याळ बिचारं बरोबर असतं, चुकते ती फेरी जिथं सुरू होते आणि संपते ती रेघ.

फेरी आपोआप मोजायची सोय असते. पण यंत्र सहसा सेकंदाला एकदाच जागा टिपतं. ताशी ३६ किलोमीटर वेगात एका सेकंदात सायकल १० मीटर पुढे गेलेली असते, शिवाय जागेतच चार-दोन मीटरांची गफलत. दोन फेऱ्यांत सेकंदाचा फरक पडला, तर पायांना दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून लॅपचं बटण हातानंच दाबावं. बोटाला उशीर होतो ना? होऊ द्या. सुरुवातीला जेवढा उशीर, तेवढाच शेवटी झाला, की वजाबाकीत दोन्ही उडून जातात. सलग फेऱ्यांत तर गंमतच: या फेरीत उशिरा दाबलं, तर तेवढा वेळ पुढच्या फेरीतून कापला जातो, एकूण बेरीज हलत नाही. मला तरी अणुघड्याळापेक्षा हेच जास्त भारी वाटतं. अट एकच, खूण तीच हवी आणि नेम तोच हवा. पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड निवडला, तर पुढच्या चाकाचा आस त्याच्या समोर आला की दाबायचं. स्क्रीनकडे बघायचं नाही. मागून ट्रक येत असतो.

खूण कुठे धरावी, यालाही महत्त्व आहे. ताशी ३६ च्या वेगात नेम एक मीटर हुकला, तर चूक ०.१ सेकंदाची. चढावर ताशी ९ नं रेटत असाल, तर तोच मीटर ०.४ सेकंद खातो. म्हणून स्पीडब्रेकर किंवा वळसा घ्यायची जागा टाळावी. सायकल सुसाट असते तिथं रेघ धरावी.

चाकावर फेरे मोजून अंतर काढणारा सेन्सर असेल, तर कॉम्प्युटरमध्ये भरलेला चाकाचा घेरही तपासा. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरचा घेर साधारण २१०५ मिलिमीटर, २८ चा २१३६. टायर बदलला आणि आकडा जुनाच राहिला, तर ३० किलोमीटरमागे ४४० मीटर गायब. व्हॉल्व्ह खाली आणून फरशीवर खडूची खूण करा, नेहमीइतकी हवा भरून सायकलवर बसा, सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे घ्या, टेपनं अंतर मोजा आणि दहानं भागा. बसायला विसरू नका. आपल्या वजनानं टायर दबतो आणि घेर काही मिलिमीटरनं कमी भरतो.