मोटारीच्या पाण्यांत तेल आलें तर

मालवणाहून कोल्हापुरास मोटारीनें निघालें म्हणजे कसाल, कणकवली हा सौम्य चढउतारांचा रस्ता मागें पडतो आणि फोंडा घाटाची चढण लागते. इंजिनाच्या पाण्याची खरी परीक्षा येथें होते. फुटलेलें गॅस्केट बदलून, गॅरेजचें मोठें बिल भागवून घरीं आणलेली गाडी आठ-पंधरा दिवसांतच या चढणीवर पुन्हां तापून उभी राहिली, म्हणजे मालक नव्या गॅस्केटला, मेकॅनिकला किंवा नशिबाला बोल लावतो. पुष्कळदां दोष या तिघांपैकीं कोणाचाच नसतो. फुटक्या गॅस्केटमधून पाण्यांत शिरलेलें तेल आंतच राहून गेलेलें असतें.

गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचें सिलिंडर हेड यांच्यामध्यें दाबून बसविलेला पातळ थर. जळता वायु, तेल आणि पाणी असे तीन शेजारी त्याच्या आधारानें आपापल्या वाटेनें जात असतात. थर जळला किंवा अति तापून हेड वांकडें झालें कीं शेजाऱ्यांमधला गडगा कोसळतो. इंजिन चालू असतांना तेलाचा दाब सामान्यतः पाण्याहून बराच अधिक असतो, म्हणून तेल पाण्यांत शिरतें. इंजिन थांबल्यावर तेलाचा दाब नाहींसा होतो, पण तापलेल्या पाण्याचा कांहीं वेळ टिकतो, आणि मग पाणी उलट तेलांत उतरूं शकतें. कांहीं गाड्यांत तेल निवविणारा ऑइल कूलर पाण्याशीं जोडलेला असतो. तेथील लहानसें गॅस्केट फुटलें तरी परिणाम तोच.

तेल आणि पाणी मिसळत नाहींत असें शाळेंत शिकवितात. परंतु नारळाच्या रसांत तीं दोन्ही एकजीव नांदत असतातच. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यांत विखुरले म्हणजे असा दुधाळ द्रव होतो. मोटारीचा पंप पाणी व तेल सतत घुसळून हेंच करतो, आणि झांकण उघडल्यावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचा दाट साका दिसतो. साध्या पाण्यानें तो निघत नाहीं. माशाच्या कालवणाचें तेलकट भांडें थंड पाण्यानें धुतलें तर तेल जात नाहीं, पसरतें मात्र. येथेंहि तसेंच घडतें.

या साक्याचें भय वाटावें असें कारण रेडिएटरच्या रचनेंतच आहे. १८८६ च्या कार्ल बेन्झच्या गाडींत पाणी उकळून वाफ होऊन जाई व पुन्हां भरावें लागे. पुढें विल्हेल्म मायबाख यानें १९०१ च्या मर्सिडीज गाडीस हजारों बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला आणि थोड्या पाण्यांत मोठें इंजिन थंड राहूं लागलें. वाट जितकी अरुंद, तितकें पाणी लवकर निवतें. पण तितकीच ती लवकर तुंबते. शिवाय नळीच्या आंत बसलेला तेलाचा थर उष्णता अडवितो तो निराळाच.

जुन्या चालकांचा उपाय म्हणजे धुण्याचा सोडा. बिडाचें इंजिन व तांब्या-पितळेचा रेडिएटर होता तोंवर तो चालून गेला. आज रेडिएटर आणि बहुधा हेडहि ॲल्युमिनियमचें असतें. ॲल्युमिनियमच्या टोपांत सोडा उकळला तर टोप काळा पडून झिजतो, हें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे. ज्या मेकॅनिकला हें ठाऊक नाहीं त्याच्या हातीं गाडी देऊं नये. आम्ल घालणेंहि तितकेंच वाईट. शीतनयंत्रणेंतील तेल काढण्यासाठीं मुद्दाम बनविलेलें, ॲल्युमिनियमला न खाणारें आणि कमी फेंस करणारें द्रावण मिळतें, तेंच घ्यावें.

सफाईपूर्वीं गॅस्केट नवें बसलेलें, हेडची सपाटी तपासलेली आणि इंजिनाचें तेल व फिल्टर बदललेलें असावें. इंजिन पूर्ण निवाल्यावांचून झांकण उघडूं नये. तें झांकण प्रेशर कुकरच्या झांकणाचेंच भावंड आहे: सुमारें एक वातावरणाइतका जादा दाब धरून तें पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळूं देत नाहीं, आणि अवेळीं उघडल्यास सारें उकळतें पाणी तोंडावर येतें. सर्व पाणी काढून थर्मोस्टॅट बाजूस ठेवावा. तो आंत असला तर गार पाण्याची वाट बंद ठेवतो व धुणें अर्धवट राहतें. पाण्याची टाकी काढून वेगळी धुवावी.

मग पाणी व द्रावण भरून, हीटर पूर्ण गरम ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटें मंद चालवावें. हीटर विसरला तर त्याच्या लहान नळ्यांत उरलेलें तेल दुसऱ्या दिवशीं सर्वत्र फिरतें. कोमट झाल्यावर पाणी सोडावें. असें तीन-चार वेळां, प्रसंगीं अधिकहि. शेवटीं नुसत्या पाण्याचे फेरे, ते पाणी निवळ, फेंस व तवंग नसलेलें येईपर्यंत. गरम इंजिनांत थंड पाणी ओतूं नये, आणि रेडिएटरवर जोराचा फवाराहि मारूं नये; त्याच्या नळ्या फार पातळ असतात.

रबरी नळ्यांकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. पाण्यासाठीं केलेलें हें रबर तेलानें फुगतें व मऊ पडतें. ज्या नळ्या बोटानें दाबल्यावर लिबलिबीत लागतील त्या, आणि झांकणाची रबरी चकती, बदलावी. धुवून त्या पूर्ववत् होत नाहींत.

पाणी कोणतें, हा मालवण किनाऱ्यावरचा खास प्रश्न. समुद्रालगतच्या विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होतें, आणि त्यांतील मीठ ॲल्युमिनियमला बारीक भोकें पाडतें. पहिल्या फेऱ्यांना गोडें पाणी चालेल. शेवटचा फेरा व अंतिम भरणा ऊर्ध्वपातित पाण्याचाच हवा. कोंकणांत पाणी गोठत नाहीं, मग कूलंट कशास, असें विचारणारे पुष्कळ आहेत. कूलंटमधील द्रव्यें गंज थांबवितात, आणि निम्में ग्लायकॉल असलेलें मिश्रण उघड्यावर १०० ऐवजीं सुमारें १०७ अंशांवर उकळतें. घाटांत हे सात अंश पुरेसे मोलाचे आहेत. हिशेब मात्र नीट करावा. सहा लिटरांच्या यंत्रणेंत धुण्याचें दोन लिटर पाणी उरलें असेल तर आधीं तीन लिटर शुद्ध कूलंट घालावें व राहिलेला एक लिटर पाण्यानें भरावा. तयार मिश्रण ओतलें तर तें पातळ होतें. थर्मोस्टॅट पुन्हां बसवावा आणि आंतली हवा पूर्ण काढावी.

सोडलेलें पाणी अंगणांत ओतणें हा गुन्हा समजावा. जांभा सच्छिद्र असतो आणि विहीर बहुधा जवळच असते. ग्लायकॉल चवीला गोड व विषारी. कुत्रीं, वासरें तें आवडीनें चाटतात. याच कुळांतील डायएथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनमध्यें मिसळल्यामुळें १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रुग्ण दगावले होते. पाणी झांकणाच्या कॅनमध्यें भरून, वापरलेलें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावें.

पुढील आठवडाभर रोज सकाळीं, गाडी थंड असतांना, टाकी पाहावी. कडेला बोटास लागेल इतका तवंग आला तर तो मागें राहिलेला अंश होय, पुसून टाकावा. पुसूनहि तो रोज वाढत असेल, किंवा इंजिन चालू असतांना टाकींत सारखे बुडबुडे येत असतील, तर गॅरेजांत निळ्या द्रावाची चांचणी करवून घ्यावी. टाकींतील हवा त्या द्रावांतून ओढतात. तींत जळका वायु असला तर निळा रंग पिवळा होतो. मात्र तेलाची गळती या चांचणींत कळत नाहीं. त्यासाठीं ऑइल कूलर उघडून पाहावा लागतो. तोंपर्यंत गाडी कणकवलीच्या पुढें नेऊं नये.