रूळ थकतात, हाडंही थकतात

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग सोडते आणि लगेच भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागतात. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. गेली कित्येक दशकं भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यतः इथूनच जातात. आता तर इथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ लाटून काढतात आणि असे दोन जोडून 260 मीटरचा करतात. याच गावात पहाटे सेक्टरांमधल्या रुंद रस्त्यांवर धावणारी मंडळीही दिसतात. त्यांच्यापैकी कुणाचं पाऊल महिनाभर दुखत राहिलं, तर त्या दुखण्याची गोष्ट रुळाच्या गोष्टीशी चकित व्हावं इतकी जुळते.

रूळ एका गाडीने सहसा मोडत नाही. आत कुठेतरी बारीक दोष असतो आणि वरून जाणारं प्रत्येक चाक तो किंचित वाढवतं. म्हणून तर रेल्वेची माणसं श्राव्यातीत ध्वनीचं यंत्र रुळावरून ढकलत नेऊन आतल्या भेगा शोधतात. सोसवेल असाच भार पुन्हा पुन्हा पडला तरी धातू तुटतो, हे प्रशियात आउगुस्ट व्होलर याने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. काळ 1850 आणि 60 च्या दशकांतला. गंमत म्हणजे त्याच प्रशियात, 1855 साली, ब्राइटहाउप्ट नावाचा लष्करी डॉक्टर लांब कवायतीनंतर सैनिकांची पावलं का सुजतात, या कोड्यात पडला होता. मार नाही, मुरगळणं नाही, नुसती सूज आणि ठणका. उत्तर मिळायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला. 1897 मध्ये छायाचित्रांत दिसलं की बोटांमागची लांब हाडं चक्क मोडलेली आहेत. आसाचा आणि पावलाचा आजार एकच होता.

साधा हिशेब करा. एक पाऊल साधारण मीटरभराचं धरलं, तर दहा किलोमीटर धावताना प्रत्येक पाय पाच हजार वेळा जमिनीवर आदळतो, आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार घेतो. पावलात हाडं 26. त्यांत सूक्ष्म भेगा पडतातच, माझ्या-तुमच्याही पडतात.

पण रुळाला जे जन्मात जमणार नाही ते हाड करतं. हाडाच्या आत लाखो पेशी बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. भेग पडली की त्या नळ्या तुटतात, जवळच्या पेशी मरू लागतात आणि त्यांचा मरणसंदेश पाहून दुरुस्तीची तुकडी निघते. पुढच्या पेशी आम्ल सोडून खराब हाड विरघळवत बोगदा खणतात, मागच्या पेशी त्यात नवं हाड भरत येतात. हे काम आयुष्यभर चालू असतं!

गोम इथेच आहे. खणायला काही आठवडे पुरतात, भरायला मात्र तीनेक महिने लागतात. म्हणजे दुरुस्ती चालू असतानाच हाड आधीपेक्षा पोकळ असतं. नेमक्या त्याच काळात मॅरेथॉनच्या उत्साहात अंतर एकदम वाढवलं, तर भेग दुरुस्तीला मागे टाकते. यालाच डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

आणि इथे आपली फसगत होते. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे ऐकून माणूस बाम चोळून पुन्हा धावायला लागतो. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज लवकर दिसते. नॅव्हिक्युलर नावाचं, पावलाच्या कमानीतलं हाड तर फारच लबाड. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तोकडा आणि दुखणं मोघम. ते चिरलं तर निदान सहा आठवडे प्लास्टर, आणि पाय टेकवायचाही नाही.

दुर्लक्ष किती लांबू शकतं? ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफने 2003 मध्ये लंडनला 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन संपवली; तो महिलांचा जागतिक विक्रम 2019 पर्यंत टिकला. 2012 च्या ऑलिंपिकमधून मात्र पावलाच्या दुखण्यामुळे तिला माघार घ्यावी लागली. शस्त्रक्रियेत कळलं की 1994 मधलं स्ट्रेस फ्रॅक्चर कधी जुळलंच नव्हतं.

तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाताना ‘पाय दुखतो’ एवढ्यावर थांबू नये. एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा आहे का, रात्री पडल्यावरही ठणकते का, गेल्या दोन महिन्यांत अंतर किती वाढवलं, बूट कधी बदलले, हे सगळं सांगावं. जेवणाबद्दलही सांगावं. धावण्याच्या मानाने पोटात कमी जात असेल तर शरीर हाडं भरण्याच्या कामातच काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये अशा अपुऱ्या खाण्यातून होणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र नाव दिलं. मुलींमध्ये पाळी लांबणं किंवा थांबणं ही त्याची मोठी खूण, आणि आपल्याकडे नेमकी तीच गोष्ट दवाखान्यात संकोचाने गिळली जाते. डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ती आपणच आधी सांगावी.