मागचं चाक किंचाळतं तेव्हा

जुलैतल्या सकाळी अंबरनाथ पूर्वेच्या एखाद्या सोसायटीतून रात्रभर पावसात उभी असलेली जुनी मारुती 800 बाहेर पडते. गेटपाशी ब्रेकवर पाय पडतो आणि मागून असा आवाज निघतो की वॉचमनची मान आपोआप वळते. दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकला तो उतरतो, स्टेशनच्या वळणापर्यंत बंदही होतो. "पावसाचं पाणी गेलं असेल," असं म्हणून गाडीवाला विषय संपवतो. ते बरंचसं खरं आहे. ब्रेकचा ड्रम बीडाचा असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत बीडावर एका रात्रीत तांबूस गंज चढतो. पहिल्या दोन-चार ब्रेकांत लायनर तो खरवडून काढतो आणि आवाज जातो. अशा वेळी गॅरेज गाठायचं काहीच कारण नाही.

पण आवाज दुपारीही येत असेल, उन्हातही येत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. आणि एकदा लक्ष दिलं की ही साधी, तेलकट, धुळीने माखलेली यंत्रणा किती विलक्षण आहे ते कळायला लागतं.

ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत, न फिरणाऱ्या बॅकप्लेटवर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणाचा थर, म्हणजे लायनर. आपण पेडल दाबलं की व्हील सिलिंडरमधले दोन छोटे पिस्टन शूंना बाहेर ढकलतात, लायनर ड्रमच्या आतल्या अंगाला टेकतो आणि चाक मंदावतं. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. फ्रान्सच्या लुई रेनॉने 1902 साली या ब्रेकला जे रूप दिलं, त्याचा गाभा आजही तोच आहे.

यातली एक गोष्ट मला कायम थक्क करते. दोन्ही शू दिसायला सारखेच, पण काम सारखं करत नाहीत. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम एका शूला आपल्याबरोबर खेचतो आणि त्या खेचण्यामुळेच तो शू ड्रममध्ये आणखी घट्ट रुततो. म्हणजे थांबवायला निघालेल्या ब्रेकला गाडीची गतीच मदत करते. दुसऱ्या शूला तोच ड्रम आपल्यापासून दूर लोटत असतो. गाडी रिव्हर्समध्ये घातली की दोघांच्या भूमिकांची अदलाबदल होते. म्हणूनच जुन्या गाडीचा ड्रम उघडला तर बहुतेक वेळा एक लायनर जास्त झिजलेला सापडतो, आणि आवाज पुढे जाताना येतो की मागे घेताना, हा प्रश्न चांगला मेकॅनिक हमखास विचारतो.

मग आवाज मागूनच का? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे डिस्क ब्रेक करतात. मागच्या शूंना कमी राबावं लागतं, ते वर्षानुवर्षं टिकतात आणि टिकतात म्हणून कोणी उघडून बघत नाही. त्यात ड्रम बंदिस्त. झिजलेल्या लायनरची भुकटी बाहेर पडायला वाव नाही, आणि साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रम आणि बॅकप्लेट यांच्यामधल्या फटीतून बारीक गाळ मात्र आत शिरतो. वालधुनी नदीकाठच्या वस्त्यांत पावसाळ्यात गाड्यांची चाकं किती वेळा पाण्याखाली जातात हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी वाळतं, गाळ राहतो.

आता त्या किंचाळण्याकडे येऊ. लायनर ड्रमवर सरळ घसरत गेला असता तर फार तर खसखस ऐकू आली असती. पण घर्षणाची एक खोड आहे: दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून असताना जेवढं धरून ठेवतात, तेवढं घसरायला लागल्यावर धरत नाहीत. त्यामुळे लायनर क्षणभर ड्रमला चिकटतो, ड्रमबरोबर काही मायक्रॉन ओढला जातो, शूचं पोलाद ताणलं जातं, पकड सुटते, शू मागे येतो आणि पुन्हा चिकटतो. हे एका सेकंदात हजारो वेळा होतं. व्हायोलिनच्या तारेवर गज ओढल्यावर नेमकं हेच घडतं. तारेच्या या चिकटण्या-सुटण्याचं गणित सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात मांडलं आणि 1918 साली त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. प्रकाशाच्या विकिरणासाठी नोबेल मिळवणाऱ्या माणसाची आधीची कित्येक वर्षं अशा थरथरत्या तारांमध्ये गेली होती, हे मला फार आवडतं.

शूची ही थरथर एकट्याने फारशी ऐकू आली नसती. ती ड्रमला हलवते. ड्रमची गोल कड एका दिशेने किंचित लांबते, लगेच आडव्या दिशेने लांबते, पुन्हा उभ्या. डोळ्यांना हे कधीच दिसणार नाही, पण ड्रमचा रुंद पृष्ठभाग भोवतालच्या हवेला ढकलत राहतो. शूची आणि ड्रमची थरथर एकमेकांशी जुळली की आवाज फोफावतो. ब्रेकची किंचाळी साधारण 1,000 हर्ट्झच्या वर, पार 16,000 हर्ट्झपर्यंत कुठेही असू शकते, आणि आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातली किंचाळी म्हणूनच डोक्यात जाते.

तिच्यासाठी लागणारी ऊर्जा किती क्षुल्लक! 800 किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबते तेव्हा ब्रेकांना सुमारे 1,11,000 ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत 1 लिटर पाणी 26 अंशांनी तापेल. जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जाते, आणि गल्लीभर घुमणाऱ्या आवाजाला एका वॉटचा लहानसा अंश पुरतो. म्हणून मोठा आवाज म्हणजे मोठा बिघाड असं समीकरण नसतं. उलट खरा धोक्याचा आवाज पुष्कळदा हळू असतो.

तो म्हणजे खरखर. लायनर संपून रिव्हेटचं डोकं किंवा शूचं पोलाद थेट ड्रमवर घासू लागलं की ती येते आणि ड्रमला आतून चर पाडते. ही ऐकू आली की गाडी उघडायचीच. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठराविक लयीत घासल्याचा आवाज येत असेल तर ड्रमची गोलाई गेली असण्याची शक्यता मोठी. ब्रेक न मारताही घरघर येते आणि वेगाबरोबर वाढते, तर आधी बेअरिंगवर संशय घ्यावा. थोडं चालवून थांबल्यावर मागचं एकच चाक जास्त तापलेलं आढळलं, जळका वास आला, तर हँडब्रेकची केबल अडकली असेल. ही तपासणी हात जवळ नेऊनच करावी, ड्रमला हात लावू नये.

आणि मग "टक". ब्रेक मारला की मागून एकदाच येणारा टक. या आवाजाचं एक कारण इतकं सुंदर आहे की त्यासाठी थोडं थांबायला हवं.

घासलेला ड्रम लेथवर लावून आतून कापून घेतात. आनंदनगर एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना लेथ नवा नाही. ड्रम फिरत असतो आणि टूल आतून हळूहळू पुढे सरकतं. टूल घाईने सरकवलं तर ड्रमच्या आत अखंड मळसूत्री चर उमटतो, म्हणजे अक्षरशः बारीक आटे पडतात. आता गाडीत काय होतं पाहा. ब्रेक लागताच लायनर त्या आट्यांत धरला जातो, फिरणारा ड्रम शूला नटासारखा बाजूला सरकवत नेतो, शू बॅकप्लेटवरून किंचित उचलला जातो, आणि धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा ताण अनावर झाला की तो झटक्यात जागेवर आपटतो. टक! चार चाकांवर धावणाऱ्या गाडीत, आपल्या नकळत, एक स्क्रू आवळला जात असतो.

ड्रम उजेडात धरून एका जुन्या लेथवाल्यांनी मला म्हटलं होतं, "काका, डोळ्यांनी नका बघू, नख फिरवा." नख आतून आडवं ओढलं की बारीक कंगोरे बोटाला कळतात. उपायही त्यांनी तिथेच दाखवला: शेवटचा कट अगदी हळू घ्यायचा, आणि मग पॉलिश पेपर तिरपा-उलटतिरपा मारून चराची अखंडता मोडायची. तुटक चरांवर शूला चढता येत नाही. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापलीकडे मात्र कापायचं नाही. पातळ ड्रम लवकर तापतो आणि जास्त थरथरतो. चांगला ड्रम दोरीला टांगून हातोडीने हलकेच ठोकला की खणखणतो. तडा गेलेला बद्द वाजतो.

उघडताना सपाट जागा, पुढच्या चाकांना विटा, गिअर पहिला, हँडब्रेक सोडलेला, आणि जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली घोडी. ड्रम हट्टाने निघत नसेल तर आत झिजून उभ्या राहिलेल्या काठाला शू अडकलेले असतात. अ‍ॅडजस्टर सैल केला की ते आत येतात. काही ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने कसले की ड्रम आपणहून बाहेर येतो.

आत दिसणारी काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. याला इतिहास आहे. 1897 च्या सुमारास इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने उतारावरून उतरणाऱ्या घोडागाड्या पाहिल्या. गाडीवान लाकडी ब्रेकला जुने बूट बांधत. त्यावरून त्याला खास ब्रेकसाठी लायनर बनवण्याची कल्पना सुचली आणि फेरोडो ही कंपनी उभी राहिली. पुढे लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आलं. उष्णता उत्तम सोसणारं, आणि फुप्फुसात गेलं तर जीवघेणं. जुन्या शूमध्ये काय आहे हे बघून कळत नाही, तेव्हा मास्क बांधावा, भुकटी ओली करून ओल्या फडक्यानेच पुसावी.

लायनर जाड आहे पण काचेसारखा चकाकतोय, तर पॉलिश पेपरने ती चकाकी उतरवावी आणि लायनरच्या दोन्ही टोकांच्या कडा कानशीने तिरक्या कराव्यात. पुष्कळदा किंचाळी तिथूनच सुरू होते. बॅकप्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर टेकतात तिथे खाचा पडल्या असतील तर घासून सपाट कराव्यात आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं जेमतेम बोट लावावं. ते लायनरला लागता कामा नये. स्प्रिंगा सैल, गंजलेल्या असतील तर नव्या घ्याव्यात, स्वस्त असतात. शू बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम.

लायनर ओला दिसला तर प्रकरण आवाजाच्या पलीकडे गेलं आहे. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघावं. मागे पाणीदार तेल असेल तर सिलिंडर गळतोय आणि ती गाडी तशी चालवायची नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 दर्जाचं नवं तेल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा 140 वर येते. कोकणपट्टीच्या हवेत ते दोन वर्षांनी बदलणं मला रास्त वाटतं.

नवे शू घालूनही पहिले काही दिवस बारीक आवाज येऊ शकतो. लेथवर कापल्यामुळे ड्रमचा व्यास थोडा वाढलेला असतो, नव्या लायनरचा बाक मात्र मूळ व्यासाचा. त्यामुळे सुरुवातीला लायनर फक्त मधोमध टेकतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, मध्यम वेगावरून हलक्या पायाने ब्रेक लावत वेग कमी करायचा, ड्रमला निवायला वेळ द्यायचा, पुन्हा लावायचा. मधला भाग झिजत जातो, लायनर कडेपर्यंत टेकू लागतो. मग शू पुन्हा अ‍ॅडजस्ट करायचे आणि हँडब्रेकची केबल अगदी शेवटी ताणायची.