पहिली रात्र चार्जिंगला

लग्नसराईत आमच्या दुकानी एक गिऱ्हाईक हटकून येतं. गाडी भावाची, वरात संध्याकाळी, बॅटरी दुपारी बसलेली. ‘भैया, नई डाल दो, दस मिनट में निकलना है.’ मी सांगतो, उद्या सकाळी ये. ते तोंड वाकडं करून पुढच्या गल्लीत जातं, आणि तिथं त्याला दहा मिनिटांत बॅटरी मिळतेही. दीड-दोन महिन्यांनी ते माझ्याकडे परत येतं.

दुकान बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्याजवळ. घरात मराठी, गल्ल्यावर हिंदी. वडील रावेरहून इथं आले तेव्हा मोटारसायकली मोजक्याच होत्या आणि नवी बॅटरी कोरीच यायची. अजूनही काही येतात. कोरी म्हणजे रिकामी नव्हे. आतल्या शिशाच्या प्लेटा कारखान्यात चार्ज करून, वाळवून, हवाबंद केलेल्या असतात. फक्त ॲसिड नसतं. ते पडलं की बॅटरी जागी होते, पण पुरती नाही. गोदामात पडून राहिल्यानं प्लेटांना थोडी हवा-ओल लागलेली असते, म्हणून नुसतं ॲसिड ओतून गाडीला लावली तर ती पाऊण ताकदीवर उभी राहते. सेल्फ मारला की गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश. पण उरलेली पाव ताकद गाडीवर सहसा भरून निघत नाही. इतवाऱ्यातून लालबागेच्या स्टेशनापर्यंत जायचं, चार वेळा सेल्फ मारायचा, त्यात गाडीनं चार्ज करायचं तरी किती? अर्धपोटी राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं, ते मग निघत नाही.

आता काम. आधी बाजूच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावरची सीलबंद टोपी काढायची. हे आधीच सांगतो, त्याला कारण आहे. मग सहाही बुचं काढून एकेका खणात ॲसिड भरायचं, खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये. ॲसिड तयार आणतो, हायड्रोमीटरवर 1240 च्या आसपासचं. थंड मुलखात 1280 पर्यंतचं वापरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तिथं जहाल ॲसिड प्लेटा लवकर खातं. ओतताना कान जवळ नेला तर बारीक सळसळ ऐकू येते, आणि डब्याला हात लावला तर तो कोमट लागतो. अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. प्लेटा आणि मधले पडदे ॲसिड पितात, पातळी खाली जाते. तेवढं पुन्हा ॲसिडनंच भरायचं. या बॅटरीच्या आयुष्यात ॲसिड पडायचं ते एवढंच. पुढे पाणी.

हे ॲसिड सुती कापडाला लगेच काही करत नाही. डाग वाळतो, आपण विसरतो, आणि धुऊन आलेल्या शर्टाची चाळणी झालेली असते. सुती कापडाच्या मागांवर जगणाऱ्या या गावात मी दुकानात पॉलिएस्टर घालतो, त्याचं कारण हे. डोळ्यांना मात्र कापड नसतं. चष्मा लावा, आणि जवळ खायच्या सोड्याचं पाणी ठेवा, सांडलेल्यावर ओतायला.

चार्जिंगचा हिशेब सोपा: क्षमतेचा दहावा भाग. 5 अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर अर्धा अँपिअर, पाच ते दहा तास. वडिलांकडे चार्जर नव्हता. फळीवर बल्बांची रांग, मागे डायोड. शंभर वॉटचा एक बल्ब साधारण 0.4 अँपिअरच जाऊ देतो, म्हणजे लहान बॅटरीला नेमका. रात्री रस्त्यावरून फळी लखलखताना दिसली की लोक समजायचे, बॅटऱ्या जेवताहेत. घरी हे कुणी करू नये; त्या तारांत लाइनचाच करंट असतो, वडिलांनी दोनदा चांगला झटका खाल्ला. आता साधा चार्जर मिळतो. बुचं उघडी, खोली हवेशीर, आणि विडी बाहेर. शेवटी शेवटी बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, ठिणगीची वाट बघणारा. डबा हाताला चटका देऊ लागला तर थांबून गार होऊ द्यायचं. गडबडीत चार्जर वाढवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, गिऱ्हाईक त्यांच्याकडेच पाठवतो.

सकाळी पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर. इथं बुऱ्हाणपूरकर हमखास चुकतो. आमच्याकडे कुंडी भंडारा आहे. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहरात आणलं, वर ओळीनं विहिरीसारख्या कुंड्या. त्या पाण्याचा आम्हाला अभिमान. एका काकांनी तर बाटली भरून आणली होती: ‘याहून शुद्ध काय असणार?’ मी त्यांना म्हटलं, काका, भुयारात उतरून भिंती बघा. पांढऱ्या चुन्याचे थर चढलेत. पिण्याला अमृत, पण तेच क्षार प्लेटांना भोवतात. काका रागावले, बाटली मात्र चहाला कामी आली.

हल्ली बहुतेक गाड्यांना बंद बॅटरी येते, ॲसिड कारखान्यातच भरलेलं. तिला उघडायचं नाही. फक्त मीटर लावायचा. 12.4 व्होल्टच्या खाली दाखवली तर बसवण्याआधी चार्ज करा.

बसवताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, काढताना उलटं. उलट्या तारा जोडल्या तर फ्यूज गेला तरी सुटलो म्हणायचं. नळी चेनपासून दूर, खाली मोकळी सोडायची, मुडपायची नाही.

दुकानात खिळ्याला एक बॅटरी टांगलेली आहे, डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला. चौदाव्या वर्षी मी पहिली बॅटरी एकट्यानं चार्जिंगला लावली. बुचं घट्ट बसवली आणि नळीवरची टोपी काढायचीच विसरलो. वडील रागावले नाहीत, खिळा ठोकला. सकाळी आलेलं गिऱ्हाईक मी टर्मिनलांना मीटर लावत असताना तिच्याकडे बघत विचारतं, ‘ये किसकी है?’ मी म्हणतो, माझीच. मीटर 12.7 दाखवतो.